दोन लाइन असूनही शाखांचं नेटवर्क अडखळतं: अंधेरी, मस्जिद बंदर, भिवंडी

गोदामवाला (धागाकर्ता)

मांडणी अशी आहे. मुख्य ऑफिस अंधेरी एमआयडीसीत, ३० माणसं. मस्जिद बंदरला पेढी, ६ जण. भिवंडीत मानकोलीला गोदाम, ९ जण आणि १६ कॅमेरे. अंधेरीत १०० एमबीपीएसची लीज्ड लाइन (फक्त आमच्यासाठी राखीव जोडणी) आणि शिवाय ३०० चं ब्रॉडबँड, दोन वेगळ्या कंपन्यांचं. पेढीत आणि गोदामात नुसतं ब्रॉडबँड. तिन्ही जागा आयपीसेक व्हीपीएनने (इंटरनेटवरूनच काढलेल्या कुलूपबंद वाटेने, म्हणजे टनेलने) जोडल्यात. टॅली अंधेरीच्या सर्व्हरवर आहे, इतर दोन्हीकडे मॅप केलेल्या ड्राइव्हवरून (सर्व्हरचं फोल्डर आपल्या मशीनवर ड्राइव्ह म्हणून जोडून) डेटा उघडतात.

तक्रारी:
- भिवंडीत टॅलीची कंपनी उघडायलाच मिनिटभर लागतं, व्हाउचर सेव्ह करताना स्क्रीन गोठते.
- अंधेरीहून मोठी फाइल पाठवली की वेग ३-४ एमबीपीएसच्या वर जात नाही.
- व्हीपीएनमधून सर्व्हरला पिंग जातो, लॉगिनचं पान दिसतं, पण आतला रिपोर्ट अर्ध्यावर लटकतो.
- गोदामाचे फोन दुपारी तुटक येतात.
- अंधेरीच्या दोन्ही लाइन एकाच वेळी बंद पडतात. मग दोन कशाला घेतल्या, हा मालकांचा प्रश्न.

प्रोव्हायडरचं म्हणणं, लीज्ड लाइन २०० ची करा. करावी का?

पॅकेटपंत

इतक्यात नको. तुमच्या पाच तक्रारींमागे चार-पाच वेगवेगळी कारणं दिसतायत आणि १०० चे २०० केल्याने त्यातलं एकही जाणार नाही.

आधी मोजा. अंधेरी ते भिवंडी एमटीआर (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावरचा, म्हणजे हॉपवरचा, उशीर आणि लॉस, म्हणजे हरवलेली पॅकेटं, दाखवणारं साधन) चालवा, २०० पॅकेटं (डेटाचे छोटे तुकडे) तरी पाठवा, आणि हेच भिवंडीहून अंधेरीकडेही करा. उलट्या दिशेची चाचणी बहुतेक जण करतच नाहीत. जाण्याचा आणि येण्याचा रस्ता वेगळा असू शकतो. सकाळी साडेअकराला एकदा आणि रात्री ऑफिस रिकामं असताना एकदा. मधल्या एखाद्या हॉपवर ३० टक्के लॉस दिसला आणि पुढच्या हॉपवर शून्य, तर घाबरू नका, तो राउटर पिंगला उत्तर द्यायला कंटाळा करतोय एवढंच. लॉस ज्या हॉपपासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकतो, तोच खरा.

त्यानंतर आयपर्फ, दोन मशीनांमधला खरा वेग मोजणारं साधन. एका कनेक्शनने ३० सेकंद, मग आठ समांतर कनेक्शनांनी ३० सेकंद. एकाने ४ आणि आठांनी ३० एमबीपीएस आले तर लाइनची क्षमता पुरेशी आहे, अडचण लॉसची किंवा लेटन्सीची (उशिराची) आहे. आठांनीही ४ च आले तर कुठेतरी खरंच गळा आवळलाय.

स्पीड टेस्टच्या वेबसाइटवर विसंबू नका. ती जवळच्या सर्व्हरशी अनेक कनेक्शनं उघडून मोजते, तुमचा भिवंडीचा रस्ता त्यात येतच नाही.

खडूस_केबल

दोन्ही लाइन एकाच वेळी जातात याचं उत्तर मोजून मिळणार नाही, गच्चीवर जाऊन मिळेल.

मुंबईत दोन कंपन्यांची बिलं येतात म्हणजे दोन वाटा असतातच असं नाही. शेवटचा टप्पा बऱ्याचदा एकाच स्थानिक केबलवाल्याचा असतो, लीज्ड लाइनवालासुद्धा त्याच्याकडूनच फायबरची जोडी घेतो. पाहायच्या गोष्टी:

इमारतीत दोन्ही फायबर एकाच शाफ्टमधून चढतात का? एक जमिनीखालून डक्टने आणि दुसरं शेजारच्या गच्चीवरून ओव्हरहेड आलं तर उत्तम. दोन्ही ओव्हरहेड असतील तर एका कललेल्या झाडाने दोन्ही जातात. दोन्ही एकाच चेंबरमधून असतील तर काँक्रिटीकरणाच्या एका जेसीबीने.

दुसरं, आणि हे कुणी बघत नाही: मधल्या इमारतीत केबलवाल्याचा स्विच किंवा मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी तार जोडणारा डबा) आहे का, आणि त्याला वीज कुठून? बहुतेक वेळा सोसायटीच्या कॉमन मीटरवरून, जिन्यातल्या दिव्यांच्या सर्किटमधून. तुमच्याकडे जनरेटर असेल, पण तीन इमारती पलीकडे जिन्यातला एमसीबी पडला की तुमची लाइन गेली. जीपॉन (एकच फायबर अनेक ग्राहकांत वाटायची पद्धत) असेल तर मधल्या स्प्लिटरला (फायबर वाटणाऱ्या डब्याला) वीज लागत नाही, तेवढा एक धोका कमी.

तिसरं, दोन्ही कंपन्यांकडे लेखी मागा: एंड टू एंड रूट, केएमझेड फाइलसह (मार्गाचा नकाशा), आणि दोघांचे पॉप (त्यांची स्थानिक केंद्रं) कुठे आहेत. लीज्ड लाइन देणाऱ्याने हे द्यायला हवं. ऑर्डरमध्येच "दुसऱ्या प्रोव्हायडरच्या मार्गापासून वेगळा मार्ग" ही अट घाला, नंतर कुणी ऐकत नाही.

गोदामवाला

एमटीआर चालवलं. अंधेरी-भिवंडी ४६ मिलिसेकंद, दोन्ही दिशांनी साधारण तेवढंच. मधल्या हॉपच्या नावांत चेन्नईचा कोड दिसतोय! अंधेरीच्या लीज्ड लाइनवर पहिल्याच हॉपपासून सुमारे १ टक्का लॉस, ब्रॉडबँडवर शून्य. आयपर्फ एका कनेक्शनने ३.२, आठांनी २२.

पॅकेटपंत

मिळालं. दोन वेगळे आजार आहेत.

लॉस पहिल्याच हॉपला आहे, म्हणजे तुमच्या राउटरपासून प्रोव्हायडरच्या डब्यापर्यंत. राउटरच्या त्या पोर्टवर बघा: वेग आणि ड्युप्लेक्स (फुल म्हणजे एकाच वेळी पाठवणं-घेणं, हाफ म्हणजे आळीपाळीने) काय लिहिलंय? पुष्कळदा प्रोव्हायडर आपल्या बाजूला १०० फुल पक्कं करून ठेवतो आणि तुमचा पोर्ट ऑटोवर असतो. समोरून वाटाघाट होत नाही, त्यामुळे ऑटोवाला पोर्ट वेग ओळखतो पण ड्युप्लेक्स हाफ धरतो. मग हाफच्या बाजूला लेट कोलिजन (पॅकेटांच्या टकरी) आणि फुलच्या बाजूला सीआरसी एरर (बिघडलेली पॅकेटं) वाढत जातात. पिंग नीट जातो, लोड आला की लॉस. दोन्हीकडे ऑटो करा, किंवा दोन्हीकडे १०० फुल. एकीकडे हे आणि दुसरीकडे ते, असं नको.

ड्युप्लेक्स ठीक निघाला तर पॅच कॉर्ड बदला आणि फायबरचं टोक साफ करून घ्या. ऑप्टिकल पॉवर विचारा. जीपॉनच्या ओएनटीवर (तुमच्याकडच्या फायबरच्या डब्यावर) उणे २७ डीबीएम ही साधारण सहनशक्तीची हद्द, उणे २५ च्या खाली गेलं की मी तक्रार नोंदवतो. उणे १८ ते उणे २२ म्हणजे निवांत.

आता १ टक्का लॉसने एवढं का बिघडतं ते पाहा. जुन्या धाटणीच्या टीसीपीचा (पोच घेत डेटा पाठवायच्या पद्धतीचा) ढोबळ हिशेब: वेग = (सेगमेंटचा आकार ÷ आरटीटी) × १.२२ ÷ √लॉस. आरटीटी म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ. १४६० बाइट, ४६ मिलिसेकंद, १ टक्का लॉस घातला की येतात ३.१ एमबीपीएस. तुमचे ३.२ आले! लॉस ०.०१ टक्क्यावर आणला तर हेच ३१ होतात. आता सूत्रात लाइनची क्षमता कुठे आहे ते शोधा. नाहीये. म्हणून २०० ची लाइन घेऊनही ३ च मिळाले असते.

पाठवणारा सर्व्हर लिनक्स असेल तर कर्नल ४.९ पासून बीबीआर (टीसीपीचा वेग ठरवायची नवी पद्धत) उपलब्ध आहे, तो तुरळक लॉसला घाबरून वेग पाडत नाही. बदल पाठवणाऱ्याच्याच बाजूला करायचा असतो. पण आधी लॉस दुरुस्त करा, बीबीआर हे त्यावरचं पांघरूण नव्हे.

दुसरा आजार ४६ मिलिसेकंदांचा. फायबरमधून प्रकाशाला किलोमीटरमागे ५ मायक्रोसेकंद लागतात. अंधेरी-भिवंडी रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटर, वळसे धरले तरी जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. मधली उपकरणं धरून ३ ते ६ दिसायला हवेत. तुमचं पॅकेट चेन्नईला जाऊन भिवंडीला येतंय आणि उत्तरही तसंच परत जातंय. दोन प्रोव्हायडर मुंबईत एकमेकांना भेटत नसले की असं होतं. उपाय दोन: भिवंडीला अंधेरीतल्याच एखाद्या कंपनीची जोडणी घ्या, किंवा प्रोव्हायडरला सरळ विचारा की निक्सी किंवा डी-सिक्स मुंबईवर (नेटवर्क एकमेकांना भेटतात त्या केंद्रांवर) या दुसऱ्या नेटवर्कशी तुमचं पीअरिंग (थेट देवाणघेवाण) आहे का, नसेल तर ट्रॅफिक मुंबईतच फिरवा. लीज्ड लाइनच्या ग्राहकाच्या अशा तक्रारीवर नेटवर्क टीम हालचाल करते. ब्रॉडबँडच्या कस्टमर केअरला हे सांगितलंत तर ते राउटर बंद करून चालू करायला सांगतील.

तात्पुरतं: टनेल ब्रॉडबँडवरून उभा करून बघा. कदाचित त्याचा रस्ता मुंबईतल्या मुंबईत असेल.

स्नेहल_के

टॅलीवर मी लिहिते. मॅप केलेला ड्राइव्ह व्हीपीएनवरून वापरणं हे मुळातच चुकतंय, लाइन कितीही चांगली असो. फाइल शेअरवर एक कंपनी उघडताना शेकडो-हजारो छोट्या वाचण्या होतात आणि बऱ्याच एकीमागून एक: आधीचं उत्तर आल्याशिवाय पुढची विचारणा जात नाही. हजार फेऱ्या गुणिले ४६ मिलिसेकंद म्हणजे ४६ सेकंद. तुमचं "मिनिटभर" हेच. ५ मिलिसेकंदांच्या रस्त्यावर तेच ५ सेकंद. शिवाय सेव्ह होताना लाइन तुटली तर डेटा बिघडण्याचा धोका वेगळाच.

टॅली अंधेरीतच चालू द्या आणि भिवंडी-मस्जिद बंदरकरांना रिमोट डेस्कटॉपने तिथे बसवा. तारेवरून स्क्रीनचे बदल आणि कीबोर्डच जातो, माणशी काहीशे केबीपीएस पुरतात. ध्यानात ठेवायच्या गोष्टी:

विंडोज सर्व्हरवर साध्या स्थितीत प्रशासनापुरती दोनच सेशन मिळतात. त्यापुढे रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसचा रोल आणि माणशी किंवा मशीनमागे कॅल (वापराचे परवाने) लागतात. १२० दिवसांची सवलतीची मुदत असते, ती संपली की एका सकाळी कुणालाच लॉगिन होत नाही. टॅलीचं लायसन्सही गोल्ड हवं, सिल्व्हर एकाच वापरणाऱ्यासाठी आहे.

रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडू नका. व्हीपीएनच्या आतूनच. पोर्ट नंबर बदलून सुरक्षित होतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

छपाई: गोदामातलं लेबल प्रिंटर रिमोट डेस्कटॉपमधून रिडायरेक्ट केलं तर ते रडतं. प्रिंटरला गोदामाच्या नेटवर्कवर पक्का आयपी द्या आणि सर्व्हरवरून व्हीपीएनमधून थेट ९१०० पोर्टवर पाठवा.

तारजोडी

+१. टॅलीच्या डेटाचा मॅप ड्राइव्ह हा मुंबईतल्या निम्म्या "नेट स्लो आहे" तक्रारींचा धनी असावा.

रिपोर्ट लटकतो ते मात्र एमटीयूमुळे, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकारामुळे. लॉगिनचं पान लहान पॅकेटांत मावतं, रिपोर्ट पूर्ण आकाराची पॅकेटं पाठवतो आणि ती टनेलमध्ये मावत नाहीत. इथरनेट १५००, भिवंडीचं ब्रॉडबँड पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लागणारं) असेल तर १४९२, वरून आयपीसेकचे ६०-८० बाइट. मोठं पॅकेट आलं की मधल्या राउटरने "लहान करून पाठव" असा आयसीएमपी निरोप द्यायचा असतो, पण कुणीतरी फायरवॉलवर आयसीएमपी सरसकट बंद केलेला असतो. निरोप पोचत नाही, पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो.

तपासणी: भिवंडीच्या विंडोज मशीनवरून अंधेरीच्या सर्व्हरला तुकडे न करण्याचा पर्याय लावून पिंग करा, आकार १४७२ पासून खाली आणत. जो सर्वांत मोठा आकडा जातो त्यात २८ मिळवा, तो तुमचा खरा एमटीयू. दुरुस्ती: टनेलचा एमटीयू १४०० आणि दोन्ही टोकांच्या राउटरवर टीसीपी एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाचा आकार) १३६० वर क्लॅम्प, म्हणजे त्याहून मोठा होऊ द्यायचा नाही. वायरगार्ड (दुसऱ्या प्रकारचं व्हीपीएन) वापरत असाल तर तो आपणच १४२० धरतो, पीपीपीओईवर १४१२ करा. क्लॅम्प फक्त टीसीपीला लागू होतो, म्हणून आयसीएमपीचा "तुकडे हवेत" हा प्रकार फायरवॉलवर सोडाच.

गोदामवाला

पोर्ट १०० हाफ निघाला. दोन्हीकडे ऑटो केल्यावर लॉस शून्य. एमटीयूची तपासणी १४०६ आली, क्लॅम्प लावला, रिपोर्ट उघडतोय. टॅलीचं सुट्टीच्या दिवशी करू. फोनचं काय? भिवंडीचं अपलोड ४० एमबीपीएस आहे, फोन ५.

पॅकेटपंत

फोनना काही लागतच नाही. जी.७११ चा (आवाज पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीचा) एक कॉल इथरनेटसकट ८७ केबीपीएस, पाच कॉल म्हणजे अर्धा एमबीपीएससुद्धा नाही. कॅमेरे मोजा. १६ कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसने अंधेरीत रेकॉर्ड होत असतील तर ३२ गेले. दुपारी कुणी डिस्पॅचचे फोटो चढवले की ४० भरली आणि ओएनटीच्या बफरमध्ये रांग लागली. लॉस नाही, पण पिंग ५ वरून ३०० वर जातो. आवाजाला एका दिशेचा १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर खपत नाही.

रेकॉर्डिंग गोदामातल्या एनव्हीआरवरच (कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरवर) करा, अंधेरीला फक्त सब-स्ट्रीम (हलक्या दर्जाचं चित्र), ५१२ केबीपीएसच्या आसपास, आणि तोही कुणी बघत असेल तेव्हाच. मग राउटरवर अपलोड ३६ वर शेप करा (मुद्दाम तेवढ्यावरच अडवा), म्हणजे रांग प्रोव्हायडरच्या डब्यात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागेल आणि तिथे फायबर-कोडेल किंवा केक (रांग सांभाळायच्या पद्धती) ती नीट हाताळेल. खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर शेप करायचं, १०० वर केलं तर केल्यासारखं नाही.

पॅकेटला प्राधान्य मागणाऱ्या डीएससीपीच्या ४६ वगैरे खुणा तुमच्या राउटरपुरत्याच. सार्वजनिक इंटरनेटवर त्यांना कुणी विचारत नाही.

खडूस_केबल

पंत, "एफक्यू-कोडेल" म्हणायचंय ना, "फायबर-कोडेल" नव्हे. नवखा शोधत बसेल.

पॅकेटपंत

हो, एफक्यू-कोडेल. फोनच्या कीबोर्डची कृपा.

स्नेहल_के

फेलओव्हरबद्दल (एक लाइन पडली की आपोआप दुसरीवर जाण्याबद्दल) कुणी लिहिलं नाही. बहुतेक राउटर समोरच्या गेटवेला (प्रोव्हायडरच्या पहिल्या राउटरला) पिंग करून लाइन जिवंत आहे असं ठरवतात. मुंबईत गेटवे जिवंत आणि त्याच्या मागचं सगळं मेलेलं, हे सर्रास घडतं. म्हणून प्रत्येक लाइनसाठी बाहेरचे दोन वेगळे पत्ते तपासा आणि प्रत्येक पत्त्याचा स्थिर रूट त्याच लाइनवर बांधा. नाहीतर पहिल्या लाइनची तपासणी दुसऱ्या लाइनवरून यशस्वी होते आणि राउटर समाधानी राहतो. तीन-चार सेकंदांत सलग चुकलं तर बदल करा, पण परत मूळ लाइनवर यायला दोन-तीन मिनिटं थांबा, नाहीतर लाइन लटपटताना टनेल झोके घेत राहतो.

अजून चार खड्डे:

डीएनएस. प्रोव्हायडरचे रिझॉल्व्हर (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारे सर्व्हर) आपल्या ग्राहकांनाच उत्तर देतात. दुसऱ्या लाइनवर गेल्यावर तेच पत्ते राहिले तर नेट चालू आणि एकही वेबसाइट उघडत नाही. सार्वजनिक रिझॉल्व्हर वापरा.

फोन. लाइन बदलली तरी एसआयपीची (इंटरनेटवरच्या फोनची) जुनी यूडीपी सेशन मेलेल्या लाइनलाच चिकटून राहतात, कारण फोन सतत पॅकेट पाठवून ती जिवंत ठेवतो. बदलाच्या वेळी राउटरने जुन्या स्टेट (चालू जोडण्यांच्या नोंदी) पुसल्या पाहिजेत, ती सेटिंग शोधा.

बँक आणि जीएसटी पोर्टल. दोन्ही लाइनवर कनेक्शनं वाटली तर लॉगिन एका आयपीवरून आणि पुढची विनंती दुसऱ्यावरून जाते, सेशन तुटतं. अशा साइट एका लाइनवर बांधा, दुसरी फक्त पडझडीसाठी.

तुमच्या सर्व्हरवरून मेल जात असेल तर एसपीएफमध्ये (तुमची मेल कुठल्या पत्त्यांवरून येते त्या जाहीर नोंदीत) दोन्ही आयपी घाला.

आरएफवाला

तिसरा मार्ग म्हणून रेडिओ विसरू नका. ५.८ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात विनापरवाना आहे. पाऊस पडला की रेडिओ बंद, हा समज ८० गिगाहर्ट्झच्या लिंकबाबत खरा: ताशी १०० मिलिमीटरच्या पावसात किलोमीटरमागे सिग्नलचे ३० डीबीच्या आसपास जातात. ५.८ वर तोच पाऊस किलोमीटरमागे एक डीबीसुद्धा खात नाही. पावसात ५.८ ची लिंक पडते ती कनेक्टरमध्ये पाणी शिरल्याने, वाऱ्याने डिश हलल्याने किंवा गच्चीवरची वीज गेल्याने. सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप, शील्डेड केबल, दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर आणि अर्थिंग, इतकं केलं की टिकते.

दृष्टिरेषा नुसती दिसून चालत नाही. ५ किलोमीटरच्या लिंकला मध्यावर फ्रेनेल क्षेत्राची (दृष्टिरेषेभोवती लहरींना लागणाऱ्या जागेची) त्रिज्या ८ मीटर, त्यातली ६० टक्के मोकळी हवी. मधे टॉवर उभा राहायला घेतला असेल तर दोन वर्षांत लिंक गेलीच समजा.

खडूस_केबल

रेडिओला अंधेरीत गच्चीची परवानगी, सोसायटीचं भाडं, शिवाय ५.८ मध्ये सगळ्यांचाच गोंगाट. छोट्या शाखेला ५जी सिम बरं. फक्त दोन गोष्टी. एक, फायबर ज्या कंपनीचं त्याच कंपनीचं सिम नको. दोन, सिमला बहुधा १००.६४ पासून सुरू होणारा सीजीनॅटचा (अनेक ग्राहकांत वाटून दिलेला) पत्ता मिळतो, बाहेरून त्यावर टनेल उभा राहत नाही. शाखेनेच अंधेरीच्या स्थिर आयपीकडे टनेल सुरू करायचा, नॅट-टी (अशा पत्त्यामागून टनेल चालवायची सोय) चालू, यूडीपी ४५००, कीपअलाइव्ह २० सेकंद.

आणि टॉवरलाही वीज लागते. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज ग्रिड गेली तेव्हा काही तासांनी बऱ्याच जणांचे मोबाइलही रखडले होते. ओएनटी, राउटर, स्विच तिन्ही यूपीएसवर घ्या. राउटर यूपीएसवर आणि ओएनटी साध्या प्लगवर, हे दर तिसऱ्या ऑफिसात दिसतं.

गोदामवाला

या सगळ्याऐवजी एसडी-वॅनचे डबे (अनेक लाइनवर ट्रॅफिक आपोआप हलवणारे) घेतले तर? विक्रेता मागे लागलाय.

तारजोडी

तीन जागांसाठी घाई नको. लाइन पूर्ण मरत नाही, नुसती आजारी पडते, तेव्हा एसडी-वॅनचा खरा उपयोग: लॉस २ टक्क्यांवर गेला की कॉल दुसरीकडे हलवतो, किंवा आवाजाची पॅकेटं दोन्ही लाइनवरून पाठवतो. त्यासाठी शाखेत दोन लाइन तर हव्यात. तुमच्या भिवंडीत एकच आहे. आधी तिथे दुसरी घ्या. जागा दहा-बारा झाल्या की धोरण एका ठिकाणाहून सांभाळायला डबे घ्यावेत.

पॅकेटपंत

लीज्ड लाइनचं नूतनीकरण येईल तेव्हा एसएलए (सेवेच्या हमीचा करार) वाचा. ९९.५ टक्के म्हणजे ३० दिवसांत ३.६ तास बंद चालतं. ९९.९ म्हणजे ४३ मिनिटं. करारात कितीही लिहिलं असो, भरपाई तुमच्या मासिक बिलातून वजा होते, बुडालेल्या धंद्याची मिळत नाही. त्यापेक्षा तीन कलमं मागा: दुरुस्तीची कमाल वेळ तासांत, लॉस आणि लेटन्सीची हमी (नुसता अपटाइम नको), आणि तक्रार नोंदवल्यापासून घड्याळ सुरू. "इमारतीत प्रवेश मिळाला नाही" या सबबीखाली घड्याळ थांबवतात, म्हणून रात्रीच्या वॉचमनकडे मीटर रूमची आणि गच्चीची किल्ली ठेवायची व्यवस्था आताच करा.

क्लाउडवर काही असेल तर रीजन मुंबई निवडा. युरोपातल्या सर्व्हरवर असलेली कामं लाल समुद्रातल्या केबलींवर अवलंबून राहतात. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ सी-मी-वी ४ आणि आयमीवी तुटल्या, दोन्ही मुंबईला येतात. तिथे तुमची लीज्ड लाइन काही करू शकत नाही.

गोदामवाला

आजवरची स्थिती: लीज्ड लाइनवाल्याने चेन्नईचा वळसा काढला, भिवंडी आता ६ मिलिसेकंद. एका कनेक्शनला ३५ एमबीपीएस येतात, म्हणजे भिवंडीचं शेप केलेलं अपलोड भरतंय. अंधेरीहून उलट दिशेला ८० पर्यंत. कॅमेरे स्थानिक केले. २०० ची लाइन रद्द. केएमझेड एकाच कंपनीने दिली, दुसरी टोलवतेय. गच्चीवर बघितलं तर दोन्ही फायबर एकाच पाइपमधून उतरतात.

खडूस_केबल

मग दुसरीची वाट बघू नका, पाइप तर डोळ्यांनी दिसला. ब्रॉडबँडवाल्याला मागच्या बाजूच्या शाफ्टमधून उतरवायला सांगा, ३१ मेच्या आत. पावसात गच्चीवर कुणी चढत नाही आणि रस्ता खणायची परवानगीही मिळत नाही. झाल्यावर चाचणी घ्या, पण राउटरची तार उपटून नको, त्याने पोर्टच डाउन होतो आणि कुठलाही राउटर फेलओव्हर करतो. ओएनटी तशीच चालू ठेवून मागचं फायबर काढा. टॅली, एक चालू कॉल आणि बँकेचं पोर्टल तिन्ही उघडं ठेवून.